बाटालोवा वोदेनित्सा: ‘बेकायदा’ म्हटल्यावर प्रश्न संपतो का?

२ फेब्रुवारी २००५ रोजी बल्गेरियाची राजधानी सोफियात मध्य आणि पूर्व युरोपातल्या आठ सरकारांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पुढची दहा वर्षं रोमा (ज्यांना अनेकदा जिप्सी म्हटलं जातं) समाजाचं शिक्षण, रोजगार, आरोग्य आणि घरं या चार गोष्टींवर भर द्यायचा, असा तो वायदा. ‘रोमा समावेशन दशक’ असं त्याचं भारदस्त नाव. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, त्याच शहरातल्या एका विभागाच्या महापौरांनी बाटालोवा वोदेनित्सा या वस्तीतल्या रोमा कुटुंबांना जागेवरून सक्तीनं हटवण्याचा आदेश काढला. या आदेशाविरुद्ध वस्तीतल्या २३ जणांनी दिलेली लढाई म्हणजे ‘योर्दानोवा आणि इतर विरुद्ध बल्गेरिया’. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २४ एप्रिल २०१२ रोजी तिचा निकाल दिला. झोपडपट्टी, अतिक्रमण आणि पाडकाम या विषयात रस असलेल्या कोणीही तो सावकाश वाचावा. एका अर्थानं तो धाडसी आहे आणि दुसऱ्या अर्थानं बराच भित्रा.

वस्ती

बल्गेरियात १९५८ साली सरकारी फर्मानानं रोमांच्या भटकंतीवर बंदी आली. सगळेच रोमा भटके होते असं नाही, पण जे होते त्यांनी कुठेतरी स्थिरावणं आता सक्तीचं झालं. कारखान्यांमुळे सोफिया वाढत होतं. शहराच्या कडेला, रेल्वेमार्गांलगत, मोकळ्या सरकारी जमिनींवर वस्त्या उभ्या राहिल्या. बाटालोवा वोदेनित्सात कुटुंबं आली ती १९६० आणि १९७० च्या दशकांत. जमीन सरकारची होती, पुढे ती पालिकेकडे गेली. कोणी बांधकामाची परवानगी घेतली नव्हती आणि मागितली असती तरी मिळाली नसती. वस्ती दोन-तीनशे माणसांची. घरांत नळ नाही, मलवाहिनी नाही. सगळ्यांनी मिळून पाणी भरायचं ते दोन सार्वजनिक नळांवरून.

ही परिस्थिती काही दशकं तशीच राहिली. कम्युनिस्ट राजवटीनं वस्ती हटवली नाही, सुधारलीही नाही. १९९० नंतर आलेल्या लोकशाही सरकारांनीही सुरुवातीला तेच केलं. या काळात माणसं जन्मली, त्यांची लग्नं झाली, नातवंडं झाली. पुढे जमिनीला भाव आला, आजूबाजूला इमारती आल्या, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या: घाण, उंदीर, आवाज. तक्रारींतली एक मागणी मात्र वेगळी होती. या लोकांना ‘त्यांच्या मूळ गावी’ परत पाठवा. आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांबद्दल तहसील कार्यालयात दिलेली निवेदनं ज्यांनी वाचली असतील, त्यांना ही भाषा परकी वाटणार नाही. वस्तीतल्या बहुतेकांचं मूळ गाव आता हेच होतं, ही त्यातली अडचण.

कायदा आणि त्याचे दोन प्रश्न

आदेश निघाला तो बल्गेरियाच्या पालिका मालमत्ता कायद्याच्या कलम ६५ खाली. हे कलम अगदी आखूड आहे. पालिकेची जागा कोणी कायदेशीर आधाराशिवाय वापरत असेल, तर महापौरानं लेखी आदेश काढावा आणि गरज पडल्यास पोलिसांच्या मदतीनं ती रिकामी करून घ्यावी. आदेशाला प्रशासकीय न्यायालयात आव्हान देता येतं. पण तेव्हा तिथे तपासल्या जायच्या त्या दोनच गोष्टी: जागा पालिकेची आहे का? आणि ताबा ठेवणाऱ्याकडे तिथे राहण्याचा कायदेशीर आधार आहे का?

पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ आलं की प्रकरण निकाली. तिथे तीस वर्षं राहता की तीन महिने, हा प्रश्न नाही. मुलं कुठे जातील, म्हाताऱ्यांचं काय, जागा नेमकी कशाला हवी आहे आणि आजच का हवी आहे, यातलं काहीच विचारायचं नाही. सोफियाच्या शहर न्यायालयानं आदेश कायम केला आणि सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं जून २००६ मध्ये त्यावर शेवटची मोहोर उठवली. रहिवाशांनी मांडलेलं दीर्घ वास्तव्य आणि आदेशाचा त्यांच्या जगण्यावर होणारा परिणाम हे मुद्दे या न्यायालयांनी चुकीचे ठरवून फेटाळले, असंही नाही. ते मुद्दे प्रस्तुतच नाहीत, असं म्हणून बाजूला ठेवले. एखादी गोष्ट ऐकून नाकारणं आणि ती ऐकण्याचीच गरज नाही म्हणणं यात मोठा फरक आहे, आणि पुढचा सगळा खटला या फरकावर उभा राहिला.

पाडकाम २००६ च्या उन्हाळ्यात होणार होतं. बल्गेरिया जानेवारी २००७ मध्ये युरोपीय संघात जाणार होता, त्यामुळे युरोपीय संसदेतल्या काही सदस्यांनी टाकलेला दबाव तेव्हा लागू पडला. रहिवासी स्ट्रासबर्गला गेले होतेच. जुलै २००६ मध्ये न्यायालयानं हंगामी आदेश दिला: मुलं, वृद्ध, अपंग अशा लोकांच्या निवाऱ्याची सोय काय केली आहे ते सविस्तर कळवा, तोवर कोणाला हलवू नका. महापौरांनी कारवाई स्थगित केली, मग न्यायालयानं हंगामी आदेश उठवला. मूळ आदेश मात्र रद्द झाला नाही. तो फाइलीत जिवंत राहिला, कधीही बाहेर काढता येईल असा. पुढची सहा वर्षं वस्ती या टांगत्या तलवारीखाली होती.

स्ट्रासबर्गमध्ये

मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचं कलम ८ खासगी आयुष्य, कुटुंब आणि ‘घर’ यांना संरक्षण देतं. बल्गेरियाच्या सरकारनं आधी इथेच बोट ठेवलं: परवानगीशिवाय बांधलेलं खोपटं म्हणजे ‘घर’ कसं? न्यायालयानं हा युक्तिवाद टिकू दिला नाही. घर आहे की नाही हे सातबाऱ्यावरून ठरत नाही, त्या जागेशी माणसाचं पुरेसं आणि सलग नातं आहे का यावरून ठरतं, ही भूमिका त्यानं आधीच्या खटल्यांत घेतलेली होती. (सातबारा हा शब्द अर्थात माझा.)

खरी अडचण पुढची होती. २००१ च्या चॅपमन खटल्यात याच न्यायालयानं, दहा विरुद्ध सात अशा मतांनी, एका इंग्लिश जिप्सी स्त्रीविरुद्ध निकाल दिला होता. तिनं जमीन विकत घेतली होती, पण तिथे कॅराव्हॅन (चाकांवरचं घर) ठेवायला नियोजनाची परवानगी नव्हती. तेव्हा न्यायालय म्हणालं होतं की जिथे घर मुळातच बेकायदा उभं राहिलं, तिथे संरक्षण द्यायला आम्ही हात आखडता घेऊ. बल्गेरियाला हा निकाल आयता मिळाला होता. उलट बाजूला २००४ चा कॉनर्स खटला होता. लीड्स शहरातल्या पालिकेच्या तळावर वर्षानुवर्षं राहिलेल्या जिप्सी कुटुंबाला कारणांची छाननी न करता हटवलं, म्हणून ब्रिटन तिथे हरला होता. पण ते कुटुंब तिथे परवान्यावर राहत होतं. बाटालोवा वोदेनित्साकडे परवानाही नव्हता.

न्यायालयानं वाट काढली ती काळाच्या आधारानं. एखाद्यानं काल रात्री सरकारी जमिनीवर पत्रे ठोकले तर त्याला हटवणं ही नेहमीची बाब आहे, त्यात फार खोलात जायची गरज नाही. इथे मात्र प्रशासनानं कित्येक दशकं डोळ्यांदेखत वस्ती वाढू दिली. त्या काळात तिथे मुळं रुजली, एक समुदाय तयार झाला. अशा वेळी केवळ ‘बेकायदा’ हा शब्द पुरत नाही. हटवण्याचा हेतू आणि त्यातून होणारं नुकसान यांचं प्रमाण कोणीतरी, स्वतंत्रपणे, मोजलं पाहिजे. सोफियात ते महापौरांनी मोजलं नव्हतं आणि कायद्याच्या रचनेमुळे न्यायालयांनीही मोजलं नव्हतं.

सरकारचे हेतू न्यायालयानं सरसकट उडवून लावले नाहीत. शहर सुधारणं, आरोग्याचा धोका टाळणं, बांधकामाचे नियम पाळायला लावणं, हे वैध हेतू आहेत असं त्यानं मान्य केलं. पण मग त्या हेतूंसाठी केलं काय, असंही विचारलं. घरांच्या मजबुतीची चिंता होती तर घरागणिक तपासणी करून काय सुधारता येईल ते पाहिलं का? आरोग्याचा धोका होता तर मलवाहिनीचं काय? जागा तातडीनं हवी होती याचा पुरावा कुठे आहे? शेजाऱ्यांच्या तक्रारींत दखल घ्यावी असंही काही होतं आणि ‘मूळ गावी पाठवा’सारखी सरळसरळ अवैध मागणीही होती. प्रशासनानं दोन्ही एकाच पिशवीत घातल्या.

मला या निकालातला सगळ्यात धारदार भाग वाटतो तो वेगळाच. बल्गेरियाच्या सरकारनं युक्तिवाद केला होता की रोमांसाठी वेगळा विचार करणं हा बहुसंख्याकांवर अन्याय ठरेल, ती भेदभावाची वागणूक होईल. न्यायालयानं त्यांना त्यांचेच कागद दाखवले. तुम्हीच रोमा समाज वंचित आहे असं मानून राष्ट्रीय कार्यक्रम आखता, त्यांच्या घरांसाठी २००५ ते २०१५ असा दहा वर्षांचा आराखडा करता, आणि इथे येऊन सांगता की त्यांच्यासाठी काही खास करणं म्हणजे लाड? हा विरोधाभास न्यायालयानं नोंदवला. वंचित गटाची स्थिती हा वजनदार घटक आहे, असं त्यानं म्हटलं: हटवायचं की नाही हे ठरवताना, आणि हटवायचंच असेल तर कधी, कसं आणि शक्य असल्यास कुठे सोय करून, हे ठरवतानाही. राखीव जागांवरच्या आपल्याकडच्या वादात ‘मग आमच्यावर अन्याय नाही का’ हे वाक्य रोज ऐकू येतं. ते इतक्या थंडपणे खोडलेलं क्वचितच वाचायला मिळतं.

निकाल सशर्त आहे, हे विसरता कामा नये. पाडकाम झालेलं नव्हतं, म्हणून ‘उल्लंघन झालं’ असं न म्हणता ‘हा सदोष आदेश अमलात आणला तर उल्लंघन होईल’ असं न्यायालय म्हणालं. प्रत्येकाला घर देण्याचं बंधन सरकारवर नाही, हेही त्यानं स्पष्ट केलं. विशेष दुर्बल माणसांना निवारा देण्याची जबाबदारी अपवादात्मक परिस्थितीत येऊ शकते, एवढंच. याचबरोबर त्यानं बल्गेरियाला कायद्यातच हात घालायला सांगितलं: सार्वजनिक जागा रिकामी करण्याचा आदेश कोणाच्या घरावर येणार असेल, तर ताबा बेकायदा असला तरी, त्यात हेतू काय, कोण कोण बाधित होणार आणि प्रमाण राखण्यासाठी काय केलं, हे लिहिलेलं असलं पाहिजे.

मुंबईशी धागा

मराठी वाचकाला इथे ओल्गा टेलिस खटला आठवणारच. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ ठिकाणी धाडलं जाईल. भर पावसात बसगाड्या भरून माणसं शहराबाहेर नेली गेली. सोफियाच्या शेजाऱ्यांची मागणी आणि मुंबईच्या सरकारची घोषणा, दोन्हीचा सूर एकच आहे.

कायद्याची रचनाही सारखी. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३१४ नं आयुक्तांना विनानोटीस अतिक्रमण हटवण्याचा अधिकार दिला होता. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठानं निकाल दिला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यानं मान्य केलं आणि हे वाक्य अमर झालं. पण कलम ३१४ वैध ठरलं; साधारणपणे नोटीस द्यावी, असा त्याचा अर्थ लावला गेला. आणि आयुक्तांनी नाकारलेली सुनावणी आम्हीच भरपूर दिली, असं म्हणून पीठानं पदपथ रिकामे करायला मोकळीक दिली, फक्त पावसाळा संपल्यावर, ३१ ऑक्टोबर १९८५ नंतर. जुन्या, सुधारणा झालेल्या झोपडपट्ट्यांना आणि १९७६ च्या गणनेत नोंदलेल्यांना काही आश्वासनं मिळाली. पदपथावरच्या माणसाच्या हाती मात्र तत्त्व आलं, जागा गेली.

सोफियात उलटं झालं. स्ट्रासबर्गनं जगण्याच्या हक्काबद्दल मोठी विधानं केली नाहीत, कोरड्या भाषेत एक प्रश्न विचारायला लावला, आणि त्यामुळे त्या वेळेपुरतं तरी पाडकाम थांबलं. मला वकिलाच्या नजरेनं दुसरा प्रकार जास्त कामाचा वाटतो. मोठं तत्त्व भाषणात उपयोगी पडतं. न्यायालयात ‘याचा विचार झाला का, कुठे झाला, कागद दाखवा’ हे विचारता आलं की समोरच्याला घाम फुटतो.

जे टाळलं गेलं

रहिवाशांचा आणखी एक आरोप होता: हे सगळं आम्ही रोमा आहोत म्हणून चाललं आहे. करारातलं कलम १४ भेदभावाला मनाई करतं. न्यायालयानं या आरोपाची वेगळी तपासणी केलीच नाही. आदेश अमलात आलेला नाही, कलम ८ खाली पुरेसं बोलून झालं आहे, म्हणून वेगळा प्रश्न उरत नाही, अशी भूमिका. कायद्याच्या शिस्तीत ती बसतेही. पण यामुळे खटल्याच्या मध्यभागी असलेली गोष्ट पार्श्वभूमीत गेली.

ती टाळावी लागावी अशी परिस्थिती नव्हती. हे न्यायालय ज्या युरोप परिषदेचं, तिच्याच सामाजिक हक्क समितीनं ऑक्टोबर २००६ मध्ये, रोमांच्या घरांबद्दलच्या एका सामूहिक तक्रारीवर, बल्गेरिया दोषी असल्याचं म्हटलं होतं. बेकायदा घरं नियमित करण्याच्या अटी आणि पाडकामाचे नियम वरून सगळ्यांना सारखे दिसतात, प्रत्यक्षात त्यांचा फटका रोमांना कितीतरी जास्त बसतो, असा तो निष्कर्ष. नियम सगळ्यांना सारखा म्हणजे न्याय, हा समज बल्गेरियातल्याच दुपनित्सा शहरात लख्ख उघडा पडला. तिथल्या रोमा वस्तीत वीज कंपनीनं मीटर सहा-सात मीटर उंच खांबांवर बसवले होते. इतरत्र ते एक मीटर सत्तर सेंटिमीटरवर, माणसाच्या नजरेसमोर. कारण काय, तर वीजचोरी. त्याविरुद्ध तक्रार केली ती वस्तीत दुकान चालवणाऱ्या, स्वतः रोमा नसलेल्या एका स्त्रीनं, कारण तिचाही मीटर खांबावर गेला होता. जुलै २०१५ मध्ये युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयानं सांगितलं की वस्तीवर मारलेल्या अशा शिक्क्याचा फटका ज्याला बसतो, तो त्या वंशाचा नसला तरी भेदभावाची तक्रार करू शकतो.

पुढे काय झालं

सोफियातच, दोब्री झेल्याझकोव या दुसऱ्या रोमा वस्तीचं प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेलं. ही वस्ती सत्तर वर्षांहून जुनी. तिथल्या लोकांच्या ओळखपत्रांवर याच जागेचे पत्ते होते, म्हणजे सरकारी दप्तरी ते तिथले रहिवासी होते आणि त्याच सरकारच्या लेखी घुसखोरही. समितीनं कारवाई थांबवायला सांगितल्यावर २०१२ मध्ये वस्तीचं पाणी तोडण्यात आलं. माणसं हटवायची नाहीत ना, मग पाणीच बंद करू. समितीला पाणी पूर्ववत करा असंही सांगावं लागलं. ३० ऑक्टोबर २०१२ रोजी तिनं मत दिलं की समाधानकारक पर्यायी घर लगेच उपलब्ध नसेल तर हटवणं हा नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भंग ठरेल.

२०१३ मध्ये फ्रान्सही याच कसोटीवर हरला. पॅरिसजवळच्या एर्ब्लेमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या फिरस्त्या कुटुंबांना हटवायचा आदेश तिथल्या न्यायालयांनी दिला होता, तोही प्रमाणाचा विचार न करता. २०१६ मध्ये बल्गेरियातल्याच एका वेगळ्या खटल्यात, परवानगीविना बांधलेल्या घराच्या पाडकामालाही ही कसोटी लागू झाली. म्हणजे रोमांनी लढून मिळवलेलं संरक्षण सगळ्यांच्या कामी आलं. बल्गेरियात मात्र कायद्यातली दुरुस्ती वर्षानुवर्षं रेंगाळली आणि निकालांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी युरोप परिषदेची मंत्री समिती बैठकांमागून बैठकांत आठवण करून देत राहिली.

योर्दानोवा कसोटीचा एक कच्चा दुवा आहे. ती चालते ती आदेश निघाल्यावर, त्याला आव्हान देण्याइतका वेळ असेल तर. ६ जानेवारी २०१९ ला प्लोव्दिवजवळच्या वोयवोदिनोवो गावात दोन रोमा तरुणांनी एका सैनिकाला मारहाण केली. त्याच संध्याकाळी जमाव जमला आणि रोमा वस्तीतली सगळी कुटुंबं, ज्यांचा मारहाणीशी काही संबंध नव्हता तीही, हाताला लागेल ते घेऊन निघून गेली. पुढच्या काही दिवसांत पाडकामाचे आदेश आले, वरिष्ठ राजकीय नेत्यांची जाहीर वक्तव्यं आली, आणि घरं भुईसपाट झाली. आदेश येण्याआधीच वस्ती रिकामी झालेली होती. हे प्रकरण स्ट्रासबर्गला पोचलं. ४ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात न्यायालयानं या वेळी कलम ८ आणि कलम १४ एकत्र वाचली. अधिकाऱ्यांच्या एकूण वागण्यामुळे या कुटुंबांना घरी परतता आलं नाही आणि ते रोमा होते म्हणून हे घडलं, असा ठपका त्यानं बल्गेरियावर ठेवला.